घर देवाच्या हाती सोपवताना

शनिवार, रात्र

येत्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवापथकाबरोबर मला मेळघाटात जायचे आहे. धारणी तालुक्यातील गावांमध्ये हिवाळाभर राहून लहान बाळांची वजने घेणे, बाळंतिणींची विचारपूस करणे आणि संध्याकाळी ज्यांची इच्छा असेल त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसणे, असे या कामाचे स्वरूप आहे. परिचारिकेच्या कामाची मला धास्ती नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते बालक तीव्र कुपोषित समजावे आणि त्याला पुढील उपचारांसाठी पाठवावे, हे मला झोपेतही सांगता येईल. जड जाते आहे ते हे घर सोडणे.

कापसाचा पहिला वेचा घरात आला आहे आणि मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला आहे. दुसऱ्या वेच्याला मी नसेन. नाताळलाही नसेन. आईचे गुडघे थंडीत धरतात, तेव्हा विहिरीवरचे पाणी, वेचणीच्या बायांचा हिशेब आणि रात्रीच्या गोळ्या हे सगळे आजवर मीच पाहत आले. प्रार्थनेला बसले की ओठांवर मेळघाटाचे नाव असते, पण मन मात्र वावराच्या धुऱ्यावरून फिरत राहते.

रविवार

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आम्हा जाणाऱ्यांना थांबवून घेतले आणि लूककृत शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय वाचायला दिला. प्रभू आपल्या शिष्यांना दोघे-दोघे करून पुढे पाठवतो, आणि थैली, झोळी, वहाणा यांपैकी काहीही बरोबर घेऊ नका, असे सांगतो. संडे स्कूलपासून हा भाग मी त्यागाचा धडा म्हणून ऐकत आले आहे. आज मात्र त्याच्या पुढच्या ओळींपाशी मी बराच वेळ थांबले. ज्या घरी तुमचे स्वागत होईल तेथेच राहा, जे पुढे वाढले जाईल ते खा, घरे बदलत फिरू नका. ज्याच्याजवळ झोळी नाही त्याला दुसऱ्याच्या दारी थांबून मागावेच लागते. म्हणजे प्रभूने त्यांना द्यायला पाठवले खरे, पण घ्यायला शिकवूनच पाठवले.

माझी खरी अडचण येथेच आहे, असे मला मनापासून वाटते. घरी मी देणारी आहे आणि मेळघाटातही देणारी म्हणूनच जायला निघाले आहे. कोणाकडून काही घ्यायची वेळ आली की मी संकोचाने अर्धी होते.

पाळकसाहेबांनी बोलता बोलता दोन माणसांची आठवण काढली. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले आणि 1863 मध्ये टाकळघाटच्या परिसरात ओढ्याच्या पुरात बुडून वारले. गोंड लोकांजवळ बसून त्यांनी टिपून घेतलेली गाणी आणि माहिती त्यांच्या मागे, 1866 मध्ये छापली गेली. शाळा काढणारा हा माणूस गोंडांपुढे ऐकणारा होऊन बसला होता, याचे मला फार अप्रूप वाटते. दुसरे नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने हातात दिलेला बायबलचा नवा करार त्यांनी घेतला, वाचला, आणि त्यांचे सारे आयुष्य पालटले. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि लोक देतील त्यावर राहणे पत्करले. एवढा मोठा कवी, पण त्याच्या श्रद्धेची सुरुवात आणि अखेर दोन्ही घेण्यातच झाली.

सोमवार

आज उपासप्रार्थना केली. दुपारी जीव कासावीस झाला, तेव्हा वाटले की ज्या मुलांचे दंड मी मोजणार आहे त्यांची भूक ठरवून धरलेली नसते. देवापुढे आज मोठे काही मागितले नाही. कोरकू ही आमच्या मराठीशी नाते नसलेली, मुंडा कुळातली भाषा. ती बोलणाऱ्या आयांसमोर मी पहिले काही दिवस मुक्यासारखी उभी राहीन. तेव्हा चिडचिड न होता, एखाद्या लहान मुलीकडून शब्द शिकून घेण्याइतकी नम्रता दे, एवढेच मागितले.

मंगळवार

जे रविवारी वाचले ते मेळघाटात पोहोचल्यावर करून कसे चालेल, म्हणून सकाळी उठून आधी काकाजींकडे गेले. दुसऱ्या वेच्याचे पाहाल का, असे विचारताना शब्द घशाशी अडकत होते. ते गोठ्यात बैलाच्या खुरात रुतलेला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तू जाय बाई. वावर मी पाह्यतो. मोजमाप वहीत लिहून ठेवीन, आल्यावर पाह्यजो." मग शेजारच्या मावशींकडे गेले. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत, विहारात जाणाऱ्या आहेत. पण आईच्या गोळ्यांची पुडकी त्यांच्या हाती देताना मला जो आधार वाटला तो देवाकडूनच आला, याबद्दल मला शंका नाही. सकाळची पांढरी गोळी आणि रात्रीची पिवळी, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि पुडकी देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीशेजारी ठेवली, म्हणजे रोज डोळ्यांसमोर राहतील.

आईला सांगितले तेव्हा ती वाती वळायच्या कापसातली सरकी काढत बसली होती. मेणबत्त्या महाग झाल्यापासून आमच्याकडे वीज गेली की दिवाच असतो. ती म्हणाली, "आमची काळजी देवावर सोड. अन् तिकडं कोणाच्या घरी जेवाले नाही म्हणू नको. गरिबाचं अन्न नाकारलं की त्याचं मन मोडते." लूकचा तो अध्याय तिने कधी वाचून दाखवलेला मला आठवत नाही, तिला अक्षरे ओळखता येत नाहीत.

बुधवार

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी असा रस्ता आहे. संध्याकाळी घरी प्रार्थनेची बैठक झाली. मंडळीने माझ्यासाठी काय मागावे असे पाळकसाहेबांनी विचारले, तेव्हा प्रवासाचे रक्षण आणि प्रकृती यांच्याआधी मी तीन गोष्टी सांगितल्या: ज्या घरी उतरेन त्या घरावर माझे ओझे न होता शांती यावी, मला ऐकण्याचा कान मिळावा, आणि आईने मावशींच्या हातची भाकर आनंदाने घ्यावी. तिसरी विनंती ऐकून आई मोठ्याने "आमेन" म्हणाली, आणि मावशी दारातच उभ्या होत्या, त्यांना आत बोलावून तिने आपल्याजवळ बसवले.