सेमीफायनल गेली, पण पोरं खेळली

आत्ताच धुळ्याहून जळगावला परतलो. घसा पार बसलाय. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची सेमीफायनल आपली पोरं हरली, आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मॅच आपल्या हातात होती, याचंच वाईट वाटतंय.

मॅच गेली ती फाउलमध्ये. एका क्वार्टरमध्ये चार टीम फाउल झाले की पुढे बचावात फाउल केला की समोरचा शॉट मारत नसला तरी त्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे शॉट. शेवटच्या क्वार्टरला आपले चार अर्ध्या वेळेच्या आतच झाले. मग घड्याळ थांबलेलं आणि ते रेषेवर उभे राहून आरामात पॉइंट घेताहेत. दमलं की पाय हलत नाहीत, हात पुढे जातो, शिट्टी वाजते. बेंचवरच्या पोरांना लीग मॅचमध्येच खेळवायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत.

पण आपला सेंटर काय खेळला भो! समोरचा त्याच्यापेक्षा टीचभर उंच, तरी हा आधी जागा धरायचा, पाठीनं त्याला बाहेर ठेवायचा आणि रिबाउंड, म्हणजे हुकून उसळलेला बॉल, काढायचा. आपलाच हुकलेला बॉल परत मिळाला की पुन्हा शॉट मारायला नवे १४ सेकंद मिळतात. पहिल्या हाफमधली आघाडी त्याच जोरावर होती.

येताना पारोळ्याला सगळे शेवभाजीला थांबलो. सेंटर एकटा ताटाकडे बघत गप्प बसला होता. शेवटचे दोन फ्री थ्रो त्याचेच हुकले होते. त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोलता काही आलं नाही.