एका डब्यातल्या दोन जपानी

त्सुगारू म्हणजे उत्तर जपानमधल्या आओमोरी प्रांताचा पश्चिमेकडचा कोपरा. हिरोसाकीहून गोनो लाइनची छोटीशी गाडी तिकडे जाते. कंडक्टर नाही. मागच्या दारानं चढायचं, यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची आणि उतरताना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकात आपल्या नंबराखाली जो आकडा असेल तेवढे येन पेटीत टाकायचे. स्टेशनागणिक भाडं वाढतं, मी ते आकडे मनातल्या मनात जपानीत म्हणत बसते.

ड्रायव्हरही अभ्यासाला बरा. पांढऱ्या हातमोज्यातलं बोट सिग्नलवर रोखून, जे दिसतंय ते एकटाच मोठ्यानं म्हणतो. ते कळतं. स्टेशनांची रेकॉर्ड केलेली घोषणाही शब्द न् शब्द कळते. एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पायरी, पास झाल्याचं सार्थक वगैरे वाटू लागतं.

मग इतायानागीला दोन आज्या चढतात आणि सगळं मुसळ केरात. पुण्यात मराठी शिकून कुणी थेट मालवणच्या एसटीत बसावं, तशी गत. इथली बोली तोक्योवाल्यांनाही झेपत नाही. टीव्हीवर इथले म्हातारे बोलू लागले की खाली जपानीतच सबटायटल्स येतात. थंडीत तोंड फार उघडायला नको म्हणून ही बोली आखूड झाली, असं सांगतात. मला नाही पटत. या दोघींची तोंडं चढल्यापासून मिटली नव्हती.

बाहेर सफरचंदाच्या बागा, मागे १६२५ मीटरचा इवाकी डोंगर. जपानची निम्म्याहून जास्त सफरचंदं आओमोरीची. आपल्या फळवाल्यांकडेही दिसणारी 'फुजी' जात नुकत्याच मागे पडलेल्या फुजिसाकीत तयार झाली; १९६२ साली तिची नोंदणी झाली. झाडांखाली चंदेरी प्लास्टिकचे ताव अंथरलेले असतात. ऊन त्यांवरून उलटून वर जातं आणि फळ बुडाशीही लाल होतं.

"कुठली गं तू?" एका आजींनी विचारलं. भारतातली म्हटल्यावर त्या माझ्यापुरतं टीव्हीवरच्या बातम्यांसारखं प्रमाण जपानी सावकाश बोलू लागल्या. तुमच्याकडे सफरचंदं होतात का? म्हटलं, उत्तरेला होतात, आमच्याकडे आंबा. दोघी सरसावून बसल्या. जपानात आंबा म्हणजे खोक्यात सजवून भेट द्यायचं फळ! कोकणात आमच्या घरामागेच झाड आहे, खाली पडलेले गुरं खातात, असं मी व्याकरण सांभाळत सांगितलं.

आजींनी ते शेजारणीला त्सुगारूच्या बोलीत सांगितलं. माझ्या वाक्याच्या तिप्पट लांब. गोशोगावारा येईपर्यंत दोघी हसत होत्या, आणि आजींनी पदरचं काय काय घातलं असेल याचा अंदाज मी बांधत होते.