कपाटातला कुबट वास आणि घरगुती सुगंध

पावसाळ्यात कपाटांना येणारा कुबट वास विकतच्या फवाऱ्याने तेवढ्यापुरताच झाकला जातो. म्हणून मी काचेच्या बरणीत अर्धी वाटी खाण्याचा सोडा घेऊन त्यात गवती चहाच्या तेलाचे आठ-दहा थेंब मिसळते आणि तोंडाला मलमलचे फडके बांधून ती कपाटात ठेवते. सोडा आंबूस वास शोषतो, तर तेलाचा गंध सावकाश दरवळत राहतो. कापूर उघडा ठेवल्यास न वितळता थेट हवेत उडून जातो, त्यामुळे त्याची पुरचुंडी बांधावी; तो पोटात गेल्यास विषारी ठरतो, म्हणून लहान मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नये. वाळ्याची जुडी मात्र उन्हाळ्यासाठीच राखावी, कारण तिचा गंध पाणी शिंपडल्यावर खुलतो आणि पावसाळी कपाटात आणखी ओल नकोच असते.