सहाच्या जागी चार

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

संध्याकाळी माझ्याकडे रॅप रेकॉर्ड करणाऱ्या पोराचा फोन आला. ‘दादा, ती एक ओळ परत घ्यावी लागेल. सहाच्या जागी चार.’ मी ‘बरं’ म्हटलं. त्याने ठेवला.

तेव्हापासून डोक्यात सहा आणि चार.

ओळ अशी आहे: ‘महिने झाले सहा, आता फक्त चहा.’ पुढे ‘आई म्हणते पहा’, मग ‘असाच घरी रहा’. कागदावर यात काही नाही, शाळेतलं पोरही जुळवेल. पण चौथ्या टेकला ‘सहा’वर त्याचा आवाज जरासा फाटला आणि ‘चहा’वर नाकातून हसू फुटलं, तेही माइकने टिपलं. हेडफोन काढून मीच म्हटलं होतं, हाच. हा खरा टेक.

आणि तोच खोटा निघाला. त्या दिवशी नशा सोडल्याला सहा महिने नव्हते. जेमतेम तीन होते. मधे कधीतरी खोकल्याच्या औषधाची बाटली पुन्हा उघडली गेली होती, गणती पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगायला हवं होतं असं नाही. मी कोण? खोलीला गोधड्या टांगून बसलेला माणूस.

पण कानाला कळायला नको?

त्या एका ओळीवर मी दीड तास घालवलाय. ‘सहा’च्या आधीचा श्वास कापला नाही, सहा डेसिबलने फक्त खाली घेतला, कारण श्वास पूर्ण कापला की माणूस यंत्रासारखा बोलतो. ‘सहा’मधला ‘स’ माइकला टोचत होता, म्हणून सात किलोहर्ट्झच्या आसपास डी-एसर लावला, तोही इतपतच की ‘स’चा ‘श’ होऊ नये. फाटलेला आवाज तसाच ठेवला. सूर सुधारणारं ऑटोट्यून नाही, आवाजावर तोच आवाज चढवणारं डबल नाही. मागचा बीटसुद्धा दोन मात्रा गप्प केला. म्हणजे ती थाप नीट ऐकू यावी याची सगळी सोय मी केली. मस्त.

बरं, एक शब्द बदलायचा म्हणजे किती काम? लोकांना वाटतं पंच-इन करायचं, झालं. दोन बार, म्हणजे आठ ठोके, आधीपासून ट्रॅक सोडायचा, पोराने मागच्या ओळीपासूनच म्हणत यायचं म्हणजे दम आणि जोर जुळतो, नेमक्या जागी रेकॉर्डिंग सुरू, जोडाला दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे जुना विरतो तसा नवा चढतो. त्याच दिवशी केलं तर कुणाला पत्ता लागत नाही. तीन आठवड्यांनी केलं की ठिगळ दिसतं. तेव्हा तो माइकपासून वीतभर होता, आता चार बोटं पुढे-मागे झाला तरी खर्ज बदलतो. तेव्हा पंखा बंद होता, पाऊस होता, आवाजात सर्दी होती. सर्दी आता कुठून आणू?

त्यातून यमक. ‘चार’ला चहा जुळत नाही. चहा गेला की पहा गेला, पहा गेला की रहा. चारच्या पोतडीत काय आहे, तर यार, बार, गार, फार, हजार, दार. दार आलं की ते बंदच असणार, रॅपमध्ये उघडं दार मी अजून ऐकलेलं नाही. म्हणजे सहा महिन्यांवर आई ‘पहा’ म्हणते आणि चार महिन्यांवर दार लावून घेते. शिवाय ‘सहा’ लघु-गुरू, दोन अक्षरं, ठेक्यावर उडी मारून बसतं. ‘चार’ एकच ठोका. त्या अर्ध्या मात्रेच्या भोकात काय भरायचं?

हे सगळं मी आधी चिडून लिहीत होतो, आता मोजतोय, बरं वाटतंय. मोजलं की बरं वाटतं. त्यालाही वाटत असणार.

पण सहा आणि चार हा फरक नुसता आकड्यांचा नाही, हे मला माहीत आहे आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त. खोकल्याच्या औषधातलं कोडीन यकृतात गेलं की त्यातल्या काहीचं मॉर्फिन होतं, आणि मॉर्फिन मेंदूच्या देठातल्या, श्वास चालवणाऱ्या जागेला सुस्त करतं. रोज घेणाऱ्याला सवय होते, डोस वाढत जातो. सोडलं की ती सवय काही आठवड्यांतच उतरते. डोकं मात्र जुनाच डोस लक्षात ठेवतं. म्हणून महिनोन्‌महिने कोरा राहिलेला माणूस घसरतो तो दिवस सगळ्यात धोक्याचा. तो त्या दिवसातून वाचलाय. गाण्यात तो दिवसच नाही. सहा म्हटलं की तो दिवस पुसला जातो.

ह्यूस्टनमध्ये गाणी संथ करून वाजवायची आख्खी रीत ज्याने घडवली, तो डीजे स्क्रू १६ नोव्हेंबर २००० ला कोडीननेच गेला, तिशीही गाठली नव्हती. टेक्सासचाच रॅपर पिंप सी ४ डिसेंबर २००७ ला लॉस एंजेलिसजवळच्या हॉटेलात मेलेला सापडला. कोडीन-प्रोमेथझिनचं सिरप, आणि वर झोपेत श्वास अडकण्याचा आजार. दोघांचं पोट आवाजावर. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या गतीला सोळा बार म्हणजे सुमारे त्रेचाळीस सेकंद, तेवढ्यात पाच-सहा ठिकाणी चोरून श्वास घ्यायचा, हीच तर रॅपरची कमाई. आणि व्यसन कशाचं, तर श्वास मंद करणाऱ्या औषधाचं.

हे लिहिताना मॅकलमोर आठवला, म्हणजे आठवायचाच होता, संध्याकाळपासून टाळत होतो. सिअ‍ॅटलचा रॅपर, खरं नाव बेन हॅगर्टी. २००८ च्या ऑगस्टमध्ये नशा सोडली. २००९ मध्ये ‘अदरसाइड’ केलं, याच सिरपवर. ऐकून कितीतरी पोरं सुधारली म्हणतात. आणि २०११ मध्ये तो स्वतः घसरला. तीन वर्षांवर पाणी, थर्मोकोलच्या दोन पेल्यांपायी. मग त्याने काय केलं, तर त्याचंही गाणं केलं, ‘स्टार्टिंग ओव्हर’. त्यात तो व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये बसलाय, खात्यात जेमतेम अठ्ठेचाळीस तास. एक मुलगी येऊन सांगते, तुमच्या त्या गाण्यामुळे मी टिकले, नऊ महिने झाले. तिचे नऊ महिने, त्याचे अठ्ठेचाळीस तास. तो खाली बघून आभार मानतो.

मला आजवर त्या गाण्यातलं धाडस दिसायचं. आज दिसतोय तो तिच्यासमोरचा एक क्षण, खाली बघण्याचा. ‘अदरसाइड’ त्या क्षणी खोटं होतं का? टेक तर तोच आहे, एक सेकंद इकडचा तिकडे नाही. म्हणताना खरं होतं. माझ्या पोराचं म्हणताना खोटं होतं आणि ऐकताना मला खरं वाटलं. मग ती मुलगी काय धरून टिकली? आणि मी काय ऐकलं?

(हे ‘माझ्या पोराचं’ काय लिहिलं मी. असो.)

‘स्टार्टिंग ओव्हर’ २०१२ च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘द हाइस्ट’मध्ये आहे. त्याने आणि त्याच्या गाण्यांना संगीत देणाऱ्या रायन लुईसने स्वतःच काढलेला अल्बम, दुकानांपर्यंत पोचवायला तेवढी एका मोठ्या कंपनीच्या वितरण शाखेची मदत. पहिल्या आठवड्यात ७८ हजार प्रती, बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत दुसरा. लोक हे आकडे सांगतात, ‘स्वतंत्र’ या शब्दाची कॉलर ताठ करत. मला त्यातलं एवढंच दिसतं की ‘ही कबुली नको, आधीच्या गाण्याचा बाजार पडेल’ असं म्हणायला वर कुणी बसलेलं नव्हतं. आमच्याकडेही नाही. पोराचा मालक तोच, गाण्याचा खर्च म्हणजे माझं वीजबिल आणि दोन कटिंग. सहा म्हण असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग म्हटला का?

दहाच्या सुमारास शेवटी मेसेज टाकला. ‘सहा का म्हटलास?’ बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत होतं. मला वाटलं आता आई येणार, लाज येणार, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातले फॉलोअप चुकवले ते येणार. उत्तर आलं:

‘चहा जुळत होता दादा.’

मी पाच मिनिटं एकटाच हसत होतो. शेजारच्यांनी भिंत ठोकली असती तरी चाललं असतं. असेलही तसं. आधी यमक, मग त्याला शोभेल असं आयुष्य. निम्मं मराठी भावगीत असंच झालं असणार. किंवा नसेलही, पोरगं मला चुकवत असेल. पण तीन आठवड्यांनी, कुणी पकडलेलं नसताना, गाणं बाहेर जायच्या आधी फोन त्यानेच केला. त्याच्याकडे खोटं खपवायला अख्खा तयार टेक होता, वर माझी शाबासकी होती. माझ्या कानाचं काय घेऊन बसलोय. कान ‘स’ टोचतो का ते सांगतो, दम कुठे संपला ते सांगतो. कॅलेंडर बघणं त्याचं काम नाही.

मॅकलमोरही २०२० मध्ये पुन्हा घसरला, मीटिंगा बंद पडून पडद्यावर गेल्या त्या काळात, आणि तेही त्याने पुढच्या वर्षी स्वतःच सांगितलं. त्याचा आकडा कितीदा शून्यावर आला हे आता मोजायला बसलं तर… नको.

ठरवलं असं: पंच-इन नाही. सोळाच्या सोळा बार नवीन. जुना टेक पुसायचा नाही, ‘सहा_४’ नावाने ठेवायचा, कुणाला ऐकवायचा नाही. रविवारी सकाळी साडेसहाला, सातला खालची पाण्याची मोटर सुरू होते आणि जमिनीतून पन्नास हर्ट्झची घरघर चढते त्याआधी. जांभया देत आला तर परत पाठवायचं. अंग दुखणं, नाक गळणं आणि सारख्या जांभया एकत्र दिसल्या, म्हणजे औषध पुन्हा सुरू होऊन तुटल्याची लक्षणं, तर रेकॉर्डिंग नाही, सरळ रिक्षात घालून केंद्रात न्यायचं. हे त्याला सांगितलेलं नाही.

झोपायच्या आधी त्याला लिहिलं, चारला काय काय जुळतं ते बघून ठेव, ‘बंद दार’ सोडून.

आत्ता उत्तर आलंय. ‘रविवारी चार महिने पाच दिवस होतील. पाच दिवस पण बसवायचे का?’

बोटांवर मोजून बघितलं, दोनदा. बसतात. ‘फक्त’ काढावा लागेल.