चौदा पीसी, एक रविवार आणि अक्कांची डिस्क

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथल्या ऑफिसचे कॉम्प्युटर मी बघतो. १४ पीसी, सगळे चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे आणि प्रत्येकात ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. सकाळी चालू करून चहा पिऊन आलं तरी डेस्कटॉप पूर्ण आलेला नसायचा, टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के. वर्षभर मी सांगत होतो की प्रोसेसर ठीक आहे, रॅम पण पुरते, डिस्क बदला. शेवटी मालक तयार झाले, पण म्हणाले, "रविवारी करा काय करायचं ते, सोमवारी नऊला ज्याचं मशीन त्याला जसंच्या तसं पायजे."

नवीन विंडोज टाकून देणं इथं जमण्यासारखं नव्हतंच. डिझाइन डिपार्टमेंटला जकार्डचं, म्हणजे विणलेल्या नक्षीचं, एक जुनं सॉफ्टवेअर आहे, ते देणारा माणूस धंदा बंद करून गेला, परत इन्स्टॉल करायला सीडी पण नाही. शिवाय टॅली, बारकोड प्रिंटर, जीएसटीच्या सहीचं डोंगल, मराठी फॉन्ट, प्रत्येकाची सेटिंग. म्हणजे क्लोनच, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. आणि हे पीसी बारीक कॅबिनेटचे, आत डिस्कला वीज द्यायची, साटा पॉवरची, एकच पिन, जुनी आणि नवी डिस्क एकदम जोडता येत नाही. म्हणून मी नेटवर्कवरून करायचं ठरवलं. क्लोनझिला म्हणजे डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, तैवानच्या लोकांनी केलंय. माझ्या एका मशीनवर त्याचा सर्व्हर, बाकीचे पीसी लॅनवरून बूट करायचे, जुन्या डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, सर्व्हरवर घ्यायची, मग डिस्क काढून एसएसडी (चिपची वेगवान डिस्क) लावायची आणि तीच इमेज परत उतरवायची. दोन वेळा कॉपी होते हे खरं, पण सगळ्यांचा बॅकअप आयता हातात राहतो, आणि त्या दिवशी त्याचीच किंमत कळली.

सगळ्या केबल जोडायचा स्विच मी स्वतःचा नेला, गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा. ऑफिसच्या राउटरला हात लावला नाही कारण माझा सर्व्हर पण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटतो आणि राउटर पण वाटतो, दोघं एका लाइनवर आले की कोणाचा पीसी कोणाकडून आयपी घेईल सांगता येत नाही आणि बूटच होत नाही.

शनिवारी संध्याकाळी जाऊन तयारी केली. एसएसडी होत्या ४८० जीबीच्या, म्हणजे जुन्या डिस्कपेक्षा २० जीबीनं लहान, त्यामुळं प्रत्येक मशीनचं शेवटचं डी पार्टिशन आधी ४० जीबीनं कमी केलं. फास्ट स्टार्टअप बंद केलं, नाहीतर विंडोज शटडाऊन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपलेलं असतं आणि क्लोनझिला अशी डिस्क घ्यायला कुरकुर करतं. आणि सगळ्यांवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, चालवलं. सगळ्यांवर. हे लक्षात ठेवा, पुढं येतंय.

रविवारी आठला सुरू केलं. पहिली तीन मशीन एकदम लावली, प्रत्येकाला मिनिटाला तीन जीबीच्या आसपास स्पीड, एकटं लावलं तर साडेचार. डिस्कवर भरलेला माल ७०-८० जीबीच, आणि क्लोनझिला भरलेली जागाच उचलतं, रिकामी सोडून देतं, त्यामुळं अर्ध्या तासात तिन्ही इमेज तयार. एसएसडी लावली, परत अर्धा तास, आणि पहिलं मशीन उठलं ते पंधरा-सोळा सेकंदात लॉगिनला. वॉचमन मामा मागं उभे होते, ते म्हणाले, "आता ह्ये नवीनच मशीन बसवलं का काय ओ?" मला फार बरं वाटलं.

अकराच्या सुमारास अकाउंट्सची दोन मशीन लावली आणि स्पीड एकदम मिनिटाला ९०० एमबीवर. दोन्ही शेजारची, दोन्ही सारखीच सुस्त. आधी वाटलं डिस्क, मग वाटलं सर्व्हर अडकलाय, तिसरं मशीन बघितलं तर ते मजेत पळायलंय. स्विचकडं बघितलं तर त्या दोन पोर्टचे दिवे हिरव्याऐवजी पिवळे, म्हणजे १०० एमबीपीएसचं कनेक्शन. भिंतीवरचा बॉक्स उघडला तर पूर्वी कोणीतरी एकाच केबलच्या आठ तारांतून चार-चार वाटून दोन पॉइंट काढलेले. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दहा मीटर केबल वाचवायला हे केलं आणि ती दोन माणसं इतकी वर्षं दहापट हळू लाइनवर टॅली उघडत बसली. अशा कामाचा मला मनापासून राग येतो, कारण गिऱ्हाइकाला ते कधी दिसतच नाही. दोन्ही कॅबिनेट उचलून स्विचच्या टेबलावर आणली, नवी केबल लावली, एक पळालं.

दुसरं अक्कांचं. १२ टक्क्यांवर थांबलं, रीड एरर. कान लावला तर आत बारीक टिक टिक. स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढलं तर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) २०० च्या वर.

अक्का म्हणजे कारखान्याच्या सगळ्यात जुन्या अकाउंटंट, घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. रविवार असून आल्या होत्या, दुसऱ्या टेबलावर बसून बिलं लावत होत्या. मी सांगितलं तर त्या काही ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं, "बाळा, माझं सगळं त्याच्यातच हाय. निघतंय का?" मी खरं तेच सांगितलं, की बघतो, अजून माहीत नाही. आणि मनात एकच गोष्ट टोचत होती, काल रात्री याच डिस्कवर मी चेकडिस्क चालवलं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवायचंच नसतं, ते डिस्कला राबवतं आणि वर लिहितं पण. स्मार्ट आधी बघायला पाहिजे होतं, दोन मिनिटांचं काम. ही चूक माझी, आणि अक्कांना पण मी तसंच सांगितलं.

डिस्क काढून माझ्या दुसऱ्या एका मशीनला थेट जोडली, सोबत बॅगेतली १ टीबीची चांगली डिस्क, आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा काढायचं सॉफ्टवेअर लावलं. ते आधी जिथून सहज वाचता येतंय ते सगळं पटापट उचलतं, अडलं की तिथं न झगडता पुढं उडी मारतं, आणि खराब जागांकडं शेवटी परत येतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये लिहीत जातं. बाहेर ४२-४३ डिग्री, डिस्कवर टेबल फॅन लावला. अक्कांनी डबा उघडला, भाकरी आणि शेंगाची चटणी, मला पण दिली, पण माझं लक्ष त्या आकड्यांवर.

तीनच्या पुढं लाइट गेली. माझा सर्व्हर यूपीएसवर टिकला पण ज्या तीन पीसीवर इमेज उतरत होती ते बंद, ऑफिसच्या यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच बसलेल्या. रेस्क्यूचं मशीन पण बंद. पाऊण तासानं लाइट आली, त्या तिघांचं पहिल्यापासून करावं लागलं, त्यात नुकसान फक्त वेळेचं कारण जुन्या डिस्कवरून आपण नुसतं वाचतो. आणि डीडीरेस्क्यूला तीच मॅप फाइल दिली तर ते जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं निघालं. अक्कांना दाखवलं, म्हटलं बघा, परत शून्यापासून नाही. त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या.

बाकीची मशीन संध्याकाळी साडेसातला संपली. अक्कांच्या डिस्कचं रात्री दहाला ३४० केबी सोडून सगळं निघालं. पण ते ३४० केबी कशातलं? त्याला एक युक्ती आहे, नव्या डिस्कवर त्या न वाचलेल्या जागांत खुणेचा एक शब्द भरून टाकायचा आणि मग सगळ्या फाइलमध्ये तो शब्द शोधायचा. शोधायला चाळीस मिनिटं लागली. टॅलीच्या कंपन्यांची फोल्डर सगळी स्वच्छ. शब्द सापडला एकाच फाइलमध्ये, कामगारांच्या उचलीची एक्सेल.

पावणेअकराला अक्कांना घरी फोन केला, त्यांनीच सांगून ठेवलं होतं कितीही वाजू दे. "उचलीची होय? ती वहीत पण हाय. सकाळी लवकर येते मी."

रात्रीतच त्या नव्या डिस्कवर त्यांचं मशीन एकदा उठवलं, आता चेकडिस्क चालवलं, डी पार्टिशनचं माप बघितलं, आणि बाकीच्यांसारखंच नेटवर्कवरून एसएसडीवर उतरवलं. ट्रिम, म्हणजे रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवायची सोय, चालू आहे का तपासलं. दीड वाजता कुलूप लावलं.

सोमवारी साडेसातला मी पोहोचलो तर अक्का आधीच दारात, हातात लाल कापडी बांधणीची वही. मागच्या महिन्याची जुनी एक्सेल त्यांच्या मेलमध्ये सापडली, तिच्यापुढं पाच आठवड्यांच्या उचली भरायच्या होत्या. त्या वाचत गेल्या, मी टाइप करत गेलो, विणकर, शिलाईच्या बाया, पॅकिंगची पोरं, कोणाचे ५००, कोणाचे २,०००. पावणेनऊला बेरीज आली. अक्कांनी वहीतल्या बेरजेवर बोट ठेवलं, स्क्रीनकडं बघितलं, परत वहीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जमलं."

जुनी डिस्क मी त्यांच्याच रुमालात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात ठेवायला दिली.