ऑर्किडच्या कुंडीत काय भरायचं?

माती सोडून काहीही, हे माझं ठरलेलं उत्तर. डेंड्रोबियम, व्हँडा, फॅलेनॉप्सिस ही मूळची झाडांच्या सालीवर वाढणारी मंडळी. आपल्याकडे आंब्या-फणसावर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड लोंबतं ना, तशीच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

ठाण्याच्या आमच्या गॅलरीत डेंड्रोबियमला मी लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण घालते. कोळसा इस्त्रीवाल्या काकांकडचा. (बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यात चिकटवायला काय काय घातलेलं असतं.) सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस भिजवायचे. पाणी कोऱ्या चहासारखं लाल होतं. ते ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं, पाणी फिकट होईपर्यंत. त्यातले क्षार आणि टॅनिन असेच निघतात. पावसाच्या माऱ्यातल्या कुंड्यांत मात्र सोडण जवळजवळ नाहीच. व्हँडाला तर नुसती जाळीची टोपली पुरे.

नर्सरीतल्या फॅलेनॉप्सिसच्या पोटात बहुतेकदा मॉसचा (म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा) घट्ट गोळा असतो. फुलं झडली की तो मी आधी काढते. मॉस वाईट नाही, पण आपल्या दमट हवेत ते वाळतच नाही. धडधाकट रुपेरी मूळ पाणी पडताच हिरवं होतं. तपकिरी आणि बोटाला मऊ लागलं, तर कात्री आणा.