तुम्ही विचारलंत म्हणून : आखूड नळीचीच रायफल का?

गणपतीत आरती संपली की कोणीतरी विचारतंच. शिमग्याला विचारतात, कुडाळच्या बाजारात हातात मासळीची पिशवी असताना उभं करून विचारतात. प्रश्न दोन, पण एकमेकांना बांधलेले. "तिकडे पेनसिल्व्हेनियात हरणं मारायला एवढीशी रायफल का घेतली होतीस?" आणि लगेच, "मग इकडे भातात डुकरं लोळतायत, तर बंदूक का धरत नाहीस?" पहिल्याचं उत्तर मी वर्षानुवर्षं देत आलोय. दुसऱ्याला गप्प बसतो आणि लोक त्याचा हवा तो अर्थ लावतात. घाबरला म्हणतात. अमेरिकेला जाऊन सोवळा झाला म्हणतात. आता दोन्ही एकदाच लिहितो.

रायफलीचं आधी, ते सोपं आहे.

माझी उंची पाच फूट चार इंच. तिकडची नेहमीची रायफल लांब हातांच्या माणसासाठी घडवलेली असते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच. थंडीत अंगावर स्वेटर, वर जाड कोट. त्या कपड्यांत लांब दस्ता उचलताना काखेत अडकतो आणि डोळा दुर्बिणीच्या मागे नीट बसत नाही. माझ्या रायफलीचा दस्ता इंचभर आखूड होता, नळी १८ इंची, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. काडतूस सेव्हन एमएम झिरो एट, म्हणजे .३०८ नावाच्या काडतुसाचंच कवच, तोंड सात मिलिमीटरला आवळलेलं. खांद्याला धक्का बेताचा, म्हणून चाप ओढताना डोळे मिटत नाहीत. नळी आखूड झाली की गोळीचा वेग थोडा घटतो आणि आवाज कानाला जास्त लागतो, हे खरं. पण ओक आणि हेमलॉकच्या त्या रानात शंभर यार्डांपलीकडचं दिसतंच कुठे? बहुतेक वेळा सावज पन्नास-साठ यार्डांवर उभं असतं. तेवढ्या अंतरात त्या घटीने काही बिघडत नाही.

बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर हाताने भरायची रायफलच का, तर त्या राज्यात हरणासाठी अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल चालत नव्हती. चालत असती तरी मी घेतली नसती. एक गोळी गेली की बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. तेवढ्यात माणसाला पुन्हा बघावं लागतं. आणि जड गोळी झुडपं फोडत सरळ जाते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. काटकीला लागून कुठलीही गोळी वाकडी जाते. मोकळी वाट दिसली नाही तर चापावर बोट न्यायचं नाही.

आखूड नळीचा एक गुण मात्र सगळेच सांगायचे: ती झुडपात अडकत नाही. तिकडे माउंटन लॉरेल म्हणून झुडूप आहे, आपल्या करवंदीसारखं एकमेकांत गुंतून वाढतं. त्यातून जाताना लांब नळी दर चार पावलांना थांबवते. मीही लोकांना हाच गुण सांगत आलो. पण तो सांगताना दर वेळी माझ्या तोंडाला कोरड पडते.

मी बावीस वर्षांचा होतो. दसरा जवळ आला होता, भात लोंबीवर होतं. सलग चार रात्री डुकरांनी खालचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, लोळवला होता. बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी होती, ३० इंची नळ्यांची. परवाना त्यांच्या नावावर, माझ्या नाही. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, तीही नव्हती. त्या रात्री बाबा तापाने पडले होते. मी न विचारता बंदूक खाली उतरवली, दोन्ही नळ्यांत एल.जी.ची, म्हणजे मोठ्या छऱ्यांची काडतुसं घातली आणि गेलो. बढाई मारायची नव्हती. रागावलो होतो, एवढंच.

शेतातल्या राखणीच्या माळ्यावर न चढता मी वरच्या बांधावर करवंदीच्या जाळीत बसलो. चंद्र नव्हता. मध्यरात्र उलटून गेल्यावर ओढ्याकडून गवत खसखसलं. थांबलं. परत खसखसलं. मग मेरेवर, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावर, काळा, बुटका आकार दिसला. पंचवीस पावलं असेल, जास्त नाही. आकार खाली तोंड घालून काहीतरी उकरत होता. मला डुक्कर दिसलं. असं वाटलं, असं मी म्हणत नाही. दिसलं. पाठीची कमान दिसली, मानेवरचे ताठ केस दिसले. आज विचाराल तरी ते केस मी तुम्हाला सांगू शकेन, आणि तिथे केस नव्हते.

बंदूक उचलली तर नळी येईना. करवंदीची फांदी दोन नळ्यांच्या वर आडवी पडली होती. मी ओढली. आली नाही. काटे मनगटात घुसले. पुन्हा ओढली, फांदी सुटली, दस्ता खांद्याला लागला, बोट चापावर गेलं. आणि तो आकार खोकला.

विडीचा खोकला होता. तो खोकला मी लहानपणापासून रोज पहाटे ऐकत आलो होतो.

आमच्या मेरेला मेर असलेले तात्या. त्यांचा पाडा, म्हणजे गोऱ्हा, संध्याकाळी परतला नव्हता म्हणून शोधायला निघालेले, बॅटरीचे सेल संपलेले, डोक्यावरून काळी घोंगडी. चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकून तो बांधत होते.

"कोण आसा रे थंय?" त्यांनी विचारलं. माझ्या हातून फांदी सुटल्याचा आवाज त्यांना आला असणार.

"मी आसंय, तात्यानू."

"पाडो दिसलो काय रे खंय?"

"नाय."

ते पुढे निघून गेले. मी किती वेळ बसलो ते आठवत नाही. घरी येऊन बंदूक जागेवर टांगली. सकाळी बाबांनी अंगात ताप असतानाच ती उतरवली, सांध्यात मोडून उघडली, दोन्ही काडतुसं बाहेर काढली. "घरात भरलेली हाडलंस?" एवढंच म्हणाले. पुढचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग एकवीस वर्षांनी, तिकडे ग्रीन कार्ड मिळाल्यावर, मी पुन्हा बंदूक हातात का घेतली? शिकारीचा सक्तीचा वर्ग केला, परवाना काढला. तिथे हरणाच्या हंगामात रायफलवाल्याच्या डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून निदान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा लागतो. मला ते पुरेसं वाटलं. रानात माणूस लपून राहणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हरणं मारली, खाल्ली, त्याची लाज नाही. पण दुकानात ती आखूड रायफल उचलून बघताना मला माहीत होतं की तात्यांना माझ्या शहाणपणाने वाचवलं नव्हतं, लांब नळीने वाचवलं होतं. आणि मी पैसे मोजून न अडकणारी नळी घेत होतो. तेव्हाचा मी म्हणायचा: नळीच्या भरवशावर राहणारा शिकारीच नव्हे, बघायला शिक. बरोबर होतं त्याचं. पण बावीसच्या वर्षीही मी बघतच होतो. डोळे उघडे होते.

परत येताना रायफल तिकडेच विकली. इथे हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, भेकर-सांबराचा विषयच नाही. उरलं डुक्कर. त्यासाठीही लोक मला रायफल सुचवतात. नेम चुकला तर तसली गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते, आणि आपल्याकडे एका वाडीतून दुसऱ्या वाडीतला कुत्रा ऐकू येतो. कातळावर आपटून ती कुठे वळेल ते कोण सांगणार? इथलं रान रात्रीही रिकामं नसतं. कोणी पाटाचं पाणी बघतो, कोणी खेकड्यांना जातो, कोणी पाडा शोधतो.

तरी ज्यांचं भात जातं त्यांना मी चुकीचं म्हणू शकत नाही. मी सौर कुंपण घातलंय. गवत वाढून तारेला टेकलं की करंट उतरतो आणि त्याच रात्री डुकरं आत येतात. गेल्या वर्षी निम्मा कुणगा गेला. त्या रात्री खळ्यात उभा राहून मला बंदूक हवी होती, हेही लिहून ठेवतो.

तात्या म्हातारपणाने गेले. मी तेव्हा तिकडे होतो. हल्ली हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतो तो त्यांचा मुलगा. परवान्याचा अर्ज भरायला घेतलाय त्याने. परवा खळ्यात बसून म्हणाला, "दादा, बागेत फिरवायला आखूड बरी पडेल ना? लांब असली की करवंदीत अडकते." मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो.

हे तो वाचेल. उद्या सकाळी येईल, तेव्हा मी घरीच असेन.